पांढरा पडलेला वण आणि रंगपेशींचं रोपण

मोटारसायकलच्या सायलेन्सरला चिकटलेली पोटरी, भजी तळताना हातावर उडालेलं तेल, लहानपणी अंगावर सांडलेला चहा. जखम भरते, खपली पडते आणि काही जणांच्या बाबतीत खाली पांढरीफट कातडी उरते. सोलापुरात अशा डागाला सल्ल्यांची कमी पडत नाही. कुणी खोबरेल तेल सांगतं, कुणी बावची. मग बघण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांतली एखादी मावशी मुलीचा हात हातात घेऊन हळूच विचारते, "कोड हाय का काय गं?" मुलगी सांगते की भाजलंय, पण मावशीच्या चेहऱ्यावरचा संशय काही जात नाही.

आता या सल्ल्यांत मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. मांडीची पातळ कातडी काढतात, तिच्यातल्या पेशी सुट्या करतात, डागावर पसरतात आणि रंग परत येतो, असं त्यात दाखवतात. ही थाप नाही. भारतात हे उपचार कित्येक वर्षं होत आहेत आणि नीट निवडलेल्या रुग्णांत चांगले लागू पडतात. पण त्या 'नीट निवडलेल्या'मध्ये आपण बसतो का, हे एका प्रश्नावर ठरतं आणि व्हिडिओवाले नेमका तोच गाळतात. डाग पांढरा झाला कशाने? ज्या कारणाने रंग गेला ते कारण अजून तिथेच आहे, की आपलं काम उरकून निघून गेलं आहे?

रंग कुठून येतो

कातडीचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा पातळ असतो. या थराच्या तळाशी, साध्या पेशींच्या रांगेत मधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. डॉक्टर त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. रंगपेशीला लांब फाटे असतात. ती आत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करते, त्याच्या बारीक पुड्या बांधते आणि फाट्यांमधून आजूबाजूच्या पेशींना पोचवते. एक रंगपेशी साधारण ३६ शेजारणींना रंग पुरवते. गोरा माणूस आणि काळासावळा माणूस यांच्या अंगातल्या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो पुड्यांच्या आकारात, संख्येत आणि त्या पेशीत कशा पसरतात यात. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात लागली की हे आठवायला हरकत नाही.

रंगपेशींचा दुसरा साठा केसाच्या मुळाशी असतो. वरच्या थरातला रंग गेला तरी पुष्कळदा हा राखीव साठा शाबूत राहतो. म्हणूनच औषधाने किंवा उन्हाने पांढऱ्या डागात रंग परत येऊ लागतो तेव्हा तो आधी केसांभोवती तपकिरी ठिपक्यांसारखा उमटतो. पुढे ठिपके पसरत जाऊन एकमेकांना मिळतात. बोटांची टोकं, तळहात, ओठ इथे केसच नसतात, त्यामुळे राखीव साठाही नसतो. या जागा हट्टी का, याचं मोठं कारण हेच.

आता भाजण्याकडे येऊ. वरवर भाजलं असेल तर कातडी केसाच्या मुळांतून आणि कडेने नव्याने भरून येते, सोबत रंगपेशीही येतात. खोल भाजलं तर केसाची मुळं जळून जातात. मग शरीर ती जागा तंतुमय, घट्ट अशा वणाने बुजवतं. त्यात केस नसतात, घाम येत नाही आणि रंगपेशीही नसतात किंवा अगदी तुरळक असतात. अलीकडच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली आहे. काही फिकट वणांमध्ये रंगपेशी असतात, फक्त त्या मेलॅनिन बनवायचं काम करत नाहीत. अशा वणांत सहा महिने, वर्षभरात थोडाफार रंग आपोआप येऊ शकतो. डॉक्टर लगेच सुरी उचलायला तयार नसतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पांढऱ्या डागांची गल्लत

भाजल्याचा वण आणि कोड यांत रोपणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाजणं ही एकदा घडून गेलेली घटना आहे, तर कोड हा चालू राहू शकणारा आजार आहे. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा, विशेषतः टी पेशी, रंगपेशींना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करतात. हा आजार संसर्गाने होत नाही, शिवाशिवीने लागत नाही, दही-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. जगभरात अर्धा ते दोन टक्के लोकांना तो असतो. काहींना तो शरीराच्या एकाच बाजूला, एकाच पट्ट्यात येतो, वर्ष-दोन वर्षं वाढतो आणि मग तसाच थांबतो. बहुतेकांना मात्र दोन्ही बाजूंना येतो आणि मधूनमधून पुन्हा जागा होतो.

याशिवाय रसायनांनी पडणारे पांढरे डाग असतात. कपाळावर टिकली लावतो बरोबर त्याच जागी गोल पांढरा डाग पडलेल्या बायका आपल्याकडे पाहण्यात असतात. टिकलीच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचं द्रव्य रंगपेशींना मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पडणारे डाग याच जातीचे, फक्त तिथे रबरातलं द्रव्य वेगळं असतं. केसांच्या काही कलपांनी आणि आळत्यानेही असं होतं. इथे पहिला उपचार फुकटाचा आहे: ती वस्तू कायमची बंद करायची. टिकली चालू ठेवून रोपण करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आणि एक डाग असा आहे, जो ओळखायला उशीर होता कामा नये. फिकट चट्टा, जिथे स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही, केस विरळ झालेत, घाम येत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. तो कोडासारखा दुधासारखा पांढरा नसतो, फिकट किंवा लालसर असतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर रोग पूर्ण बरा होतो. मुलांच्या गालावरचे फिकट, खवल्यांचे चट्टे किंवा घामाळ पाठीवरचं शिबं ही तर साधी प्रकरणं. यातल्या एकालाही रोपण लागत नाही.

म्हणून पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञाची. सोलापुरात सिव्हिलच्या ओपीडीत किंवा खासगी दवाखान्यात डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वूड्स दिवा डागावर धरून पाहतात. या दिव्याच्या जांभळट प्रकाशात रंगपेशी पूर्ण गेलेला डाग झगझगीत निळसर-पांढरा दिसतो. नुसता फिकट झालेला डाग तसा उजळत नाही. काही मिनिटांची तपासणी, पण पुढची सगळी दिशा तिच्यावर ठरते.

शस्त्रक्रियेआधी औषधांचा टप्पा असतो, तो थोडक्यात सांगतो. कोडासाठी स्टेरॉइडची आणि टॅक्रोलिमसची मलमं, ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे शेक, आजार पसरत असेल तर काही काळ गोळ्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुक्सोलिटिनिब या मलमाला कोडासाठी मान्यता दिली. रोगप्रतिकारक यंत्रणेचा तो हल्लाच हे मलम सौम्य करतं. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं आणि ते ऊन पडलं की खरोखर काम करतं, त्यामुळे आजीचा सल्ला अगदीच खोटा नव्हता. पण बावचीचं तेल लावून सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात बसलं तर फोड येऊन नवा वण तयार होतो. कोड असलेल्यांत अशा जखमेवर नवं कोड उमटू शकतं. म्हणजे उपाय करायला जाऊन डागात भर.

पेशी कशा काढतात, कशा लावतात

डागाचं कारण कळलं, तो शांत आहे हेही कळलं, औषधांनी पुरेसा रंग आला नाही, तर रोपणाचा विचार करतात. जुन्या पद्धती अजूनही चालतात. मांडीवरून मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे बारीक गोल तुकडे काढून डागात रोवायचे, याला पंच ग्राफ्टिंग म्हणतात. ते स्वस्त आणि सोपं आहे, पण कधीकधी ती जागा गुठळ्यागुठळ्यांची, खडबडीत दिसते. दुसऱ्या पद्धतीत हवा ओढून घेऊन कातडीला फोड आणतात आणि फोडाचं छत उचलून डागावर ठेवतात. तिसरीत पातळ कातडीचा सलग तुकडाच लावतात.

पेशींचं द्रावण करायची कल्पना या सगळ्यांनंतरची. १९९२ मध्ये फ्रान्सच्या गोतिए आणि सुरलेव्ह-बाझेय यांनी डोक्याच्या कातडीचा तुकडा रात्रभर ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइममध्ये ठेवून पेशी सुट्या केल्या. मग द्रव नायट्रोजनने डागावर फोड आणून त्या फोडांत पेशी टोचल्या. पुढे स्वीडनमध्ये उप्साला इथल्या ओल्सन आणि युहलिन यांनी फोडांऐवजी डाग घासून तयार करायची रीत आणली. मग रियाधमध्ये काम करणारे भारतीय त्वचारोगतज्ज्ञ संजीव मुलेकर यांनी ती आणखी सुटसुटीत केली. दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंदीगडच्या पीजीआयमध्ये यावर पुष्कळ काम झालं आहे. आज बऱ्याच ठिकाणी जे होतं ते साधारण असं.

मांडीच्या बाहेरच्या बाजूची किंवा कमरेखालची, कपड्याखाली झाकली जाणारी जागा निवडतात. तेवढ्यापुरती भूल देऊन पात्याने कातडीचा इतका पातळ पापुद्रा काढतात की त्यातून उजेड आरपार दिसावा. १०० चौरस सेंटीमीटर डागासाठी साधारण १० चौरस सेंटीमीटर कातडी पुरते. कांदा पिकवणाऱ्याला हे गणित नवं वाटणार नाही. हेक्टरभर रानात लागवड करायची तर तो दहाएक गुंठ्यांत गादीवाफ्यावर रोप टाकतो, ते उपटून मोकळं करतो आणि तयार केलेल्या रानात लांब-लांब लावतो. इथेही दाट जागेतून उचलायचं, सुटं करायचं आणि पसरून लावायचं, एवढंच आहे.

सुटं करायचं काम ट्रिप्सिन करतं. प्रथिनं तोडणारं हे एन्झाइम आपलं स्वादुपिंडही बनवतं. पापुद्रा त्याच्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला, तासभर ठेवतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिनं सुटतात. मग ट्रिप्सिनचं काम थांबवतात, नाहीतर ते पेशींनाही सोडणार नाही. चिमट्याने वरचा थर खालच्यापासून सोलतात, खालचा टाकून देतात, वरच्याचे बारीक तुकडे करून नळीत घालतात आणि सेंट्रिफ्यूजवर फिरवतात. तळाशी पेशींचा गाळ बसतो. थोड्याशा द्रवात तो ढवळला की लावायचं द्रावण तयार झालं. सगळं मिळून काही थेंब ते दोन-तीन मिलिलिटर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात काही औषध आहे हेच पटत नाही.

या द्रावणात नुसत्या रंगपेशी नसतात, कातडीच्या साध्या पेशीही असतात आणि त्या मुद्दामच ठेवतात. रंगपेशीला रुजायला, वाढायला लागणारे रासायनिक संदेश याच साध्या पेशी देतात. एकटी रंगपेशी फार काळ तग धरत नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूला डागाची जागा तयार होत असते. तिथेही भूल देऊन फिरत्या खरखरीत चाकाने किंवा लेझरने वरचा थर घासून काढतात. सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसू लागले की थांबायचं. माझ्या मते या अख्ख्या शस्त्रक्रियेतलं खरं कसब इथे आहे. कमी घासलं तर पेशींना धरायला जागा मिळत नाही. जास्त घासलं तर रंगाच्या नादात नवाच वण पडतो. मग द्रावण पसरतात, वर कोलॅजनचा पातळ पडदा, त्यावर ओलसर गॉज आणि पट्टी. सगळं अर्ध्या दिवसाचं काम. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

याच तत्त्वावर भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद फिओना वूड यांनी रीसेल हा तयार संच विकसित केला. पेटीतच पेशी सुट्या करायच्या आणि स्प्रेने फवारायच्या. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी आणि २०२३ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. काम तेच, सोय जास्त, खर्चही जास्त. अशा संचाविनाही, साधा इन्क्युबेटर आणि सेंट्रिफ्यूज घेऊन हे होतं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी ते दाखवून दिलं आहे, त्यामुळे संच नाही म्हणून उपचार दुय्यम असं समजायचं कारण नाही.

वणाच्या बाबतीत काय वेगळं

रोप कितीही जोमदार असलं तरी रानात रोग शिल्लक असेल तर ते जातं. कोडाचं नेमकं हेच होतं. आजार जागा असताना लावलेल्या पेशी पुन्हा त्याच हल्ल्यात मरतात. वरून मांडीवर जिथून कातडी काढली तिथेही पांढरा डाग उमटू शकतो. म्हणून भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान एक वर्ष स्थिरतेची अट आहे. वर्षभरात नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, खरचटल्या-कापल्याच्या जागी पांढरं उमटलेलं नाही. शंका असेल तर आधी चार-पाच बारीक पंच लावून पाहतात आणि काही महिने थांबतात. जो डॉक्टर मागच्या वर्षभराचा इतिहास न विचारता तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावं.

भाजल्याच्या वणात हा हल्ला नसतो. रुजलेल्या पेशींना कोणी मारायला बसलेलं नाही, त्यामुळे आलेला रंग टिकण्याची शक्यता चांगली. अडचण जमिनीची असते. वणाची कातडी घट्ट, तंतुमय, रक्तपुरवठा कमी असलेली असते. पेशी धरतात, पण सगळीकडे सारख्या धरत नाहीत. एका बैठकीत रंग चट्ट्याचट्ट्यांनी येतो आणि दुसरी बैठक लागते. काही वणांना सुट्या पेशींपेक्षा पातळ कातडीचा सलग तुकडाच चांगला मानवतो. म्हणून मोठ्या वणात आधी कोपऱ्यात छोट्या तुकड्यावर करून पाहणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

वण पिकायला वेळ द्यावा लागतो. लालसर, खाजणारा, अजून आकार बदलणारा वण कच्चा असतो. साधारण वर्ष जाऊ द्यावं. बोट किंवा मान आवळून धरणारा वण असेल तर आधी प्लॅस्टिक सर्जनकडून ते मोकळं करून घ्यायचं, रंगाचा विचार त्यानंतर. कान टोचल्यावर गाठ आली, छातीवरची फुटकुळी फुगून कायमची राहिली, असं ज्यांचं होतं त्यांच्या अंगाला केलॉइडची प्रवृत्ती असते. त्यांच्या कातडीला मुद्दाम नवी जखम करणं धोक्याचं आहे आणि हे आपण आपणहून सांगितलं पाहिजे. आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: रोपणाने रंग येतो, सुरकुती आणि उंचवटा जात नाहीत. केसही येत नाहीत.

पट्टी साधारण आठवडाभर ठेवतात आणि तेवढे दिवस ती जागा हलता कामा नये. पेशी अजून कुठेही चिकटलेल्या नसतात, पट्टी सरकली की पेशी सरकल्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, पट्टीखाली घामाची धार लागते. निवड असेल तर हे काम गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, थंडीत उरकावं. पुण्याला करून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परतणारे असतात. हाताच्या किंवा पाठीच्या डागाला ते चालतं. पण गुडघ्याचा किंवा घोट्याचा डाग असेल तर प्रवास टाळून तिथेच नातेवाइकांकडे राहिलेलं बरं. यंत्रमागावर उभं राहून काम करणाऱ्याने आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईने रजेचा हिशेब आधी करावा, कारण त्यांची कामाची जागा आणि डागाची जागा पुष्कळदा एकच असते. बोटांच्या टोकांवर तर निकालच सगळ्यात कमी मिळतो. रोजगार बुडवून तिथला डाग पहिल्यांदा घ्यायचा का, हे डॉक्टरांशी सरळ बोलून घ्यावं.

पट्टी निघाली की खाली गुलाबी, चकचकीत कातडी दिसते आणि घरचे घाबरतात. घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रंग दिसू लागतो आणि सहा महिने, कधी वर्षभर भरत राहतो. काहींना डॉक्टर सकाळचं मोजकं ऊन किंवा यंत्रावरचे किरणांचे शेक सांगतात. नवा रंग सुरुवातीला शेजारच्या कातडीपेक्षा गडद येऊ शकतो, कडेला बारीक पांढरी रेघ राहू शकते. गडदपणा बऱ्याचदा महिन्यांनी ओसरतो. मांडीवरची जागा दहा-पंधरा दिवसांत भरते, पण तिथेही फिकट किंवा गडद खूण राहू शकते. कुणी शंभर टक्क्यांची लेखी हमी देत असेल तर तो डॉक्टर कमी आणि विक्रेता जास्त आहे.

ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा झेपणारी नाही, त्यांच्यासाठी कातडीच्या रंगाची, घामाने न उतरणारी कॅमोफ्लाज मलमं मिळतात. लग्नकार्यापुरती ती उत्तम. गोंदवून रंग भरायची पद्धतही आहे. पण गोंदलेला रंग वर्षांनी निळसर पडू शकतो आणि आजूबाजूची कातडी उन्हाने काळवंडली तरी तो काळवंडत नाही. कोड जागं असेल तर सुईच्या जखमेवर नवा डाग येण्याची भीती आहेच. काहीच करायचं नसेल तरी पांढऱ्या वणाला उन्हापासून जपावं. त्यात मेलॅनिनचं संरक्षण नसतं, तो लवकर भाजतो. शिवाय भोवतालची कातडी काळवंडली की तो आणखी उठून दिसतो. बाहेर पडताना पूर्ण बाहीचा सुती कपडा आणि सनस्क्रीन.

डाग ओठावरचा असेल आणि रोपण ठरत असेल तर एक गोष्ट आधी सांगायची. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात का? तसे येत असतील तर तो हर्पिसचा विषाणू जखमेने जागा होऊन लावलेल्या पेशी वाया घालवू शकतो. त्यासाठीच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू कराव्या लागतात.